वाढणे : एका क्रियापदाचे तीन अर्थ

मराठीतील ‘वाढणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. मूल वाढते, पीक वाढते, व्यापार वाढतो. हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. पंगतीत पान वाढले जाते, वाढपी वाढत पुढे जातो, हा दुसरा. तिसरा अर्थ अशुभाचा उच्चार टाळण्याच्या आपल्या जुन्या रीतीतून आलेला आहे : हातातली बांगडी फुटली की ती ‘वाढली’ म्हणायचे, देवापुढचा नारळ फोडायचा तर तो ‘वाढवायचा’. वृद्धी, वाटप आणि भंग हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाने पोटात घेतले आहेत. एखाद्या प्रदेशाच्या आर्थिक वाढीविषयी लिहिले जाते तेव्हा मात्र बहुधा पहिलाच अर्थ गृहीत धरलेला असतो. किती वाढले आणि किती वेगाने वाढले, हे मोजले जाते. कोणाच्या पानात वाढले आणि त्या घाईत काय फुटले, याची नोंद मागे पडते.

हे तीन अर्थ एका लहानशा भूभागाच्या इतिहासाला लावून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा भूभाग म्हणजे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचा, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडचा पट्टा. धावडा हे त्यातले एक गाव. तेथून बुलढाणा जिल्ह्याची, म्हणजे जुन्या वऱ्हाडाची हद्द जवळ आहे. गावाच्याच नावाचे एक झाड या डोंगरांतील पानगळीच्या रानात आढळते. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो, आणि त्याचे चिवट लाकूड गाडीच्या आखासाठी व अवजारांच्या दांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. हे झाड सावकाश वाढते. त्याच्या सावलीतल्या प्रदेशाला मात्र झपाट्याच्या वाढीचा अनुभव एकदा नव्हे, अनेकदा आला आहे. आणि प्रत्येक वेळी तिचे लाभ व तोटे वेगळ्या प्रमाणात वाट्याला आले आहेत.

१

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. नावातच ‘वर्धन’ आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत या नगराचा उल्लेख येतो : भोगवर्धनाच्या रहिवाशांनी शेकडो मैलांवरच्या त्या स्तूपांना दान दिले होते. पैठणहून निघालेला व्यापारी मार्ग भोकरदनवरून अजिंठ्याचा डोंगर ओलांडत उत्तरेस उज्जैनकडे आणि पश्चिमेस भडोचच्या बंदराकडे जाई. १९७३ साली शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. त्यात मणी, शंख आणि हस्तिदंत यांच्या कारागिरीचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग होता, आणि १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांच्या लगेच ध्यानात आले. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे त्याआधीच या घडणीची वस्तू समुद्र ओलांडून तेथवर पोचली होती.

या पहिल्या समृद्धीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ती मुख्यतः वाटेवरची समृद्धी होती. माल येई, थांबे, पुढे जाई. तरीही या नगराने केवळ जकात गोळा केली नाही. येथे मणी घडत, हस्तिदंत कोरले जाई. जाणाऱ्या मालात स्थानिक हातांच्या कौशल्याची भर पडे. सांचीच्या दानलेखांत राजांपेक्षा गृहस्थ, भिक्खू आणि भिक्खुणी यांचीच नावे मोठ्या संख्येने आढळतात, हेही अर्थपूर्ण आहे. वरकड धन राजवाड्यात न साचता सामान्यांच्या हाती काही प्रमाणात पोचत होते, असे त्यावरून म्हणता येते. वाढीला वाटपाची जोड होती.

पण वाटेवरची समृद्धी वाटेबरोबरच जाते. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता संपली, रोमन व्यापाराचा ओघ आटला, आणि भोगवर्धनाचे वैभव हळूहळू ओसरले. पुढे पाचव्या शतकात याच डोंगररांगेत वाकाटक हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातील लेणी झपाट्याने कोरली गेली. वॉल्टर स्पिंक यांच्या मते हे प्रचंड काम अवघ्या दोन दशकांच्या आत झाले आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रयदाते विखुरल्यामुळे एकाएकी थांबले. स्पिंक यांची कालगणना सर्वांना मान्य नाही. तरी अर्धवट कोरलेले खांब आणि खडबडीत राहिलेली छते असलेले चोविसावे लेणे आजही समोर आहे. ज्या वेगाने छिन्नी चालली, त्याच वेगाने ती हातातून गळाली, याचा तो दगडी पुरावा होय.

२

दुसरी तेजी आली ती कापसाची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर खानदेश व वऱ्हाड यांच्याकडे वळली. मुंबईत कापसाचा भाव तिपटी-चौपटीपर्यंत गेला. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा सांगितल्या जात. त्यांत अतिशयोक्ती धरली, तरी ज्या समाजाने चार वर्षांपूर्वी रोकड क्वचितच पाहिली होती त्याच्या मनःस्थितीचे चित्र त्यांतून उभे राहते.

या पट्ट्याची स्थिती तेव्हा मोठी विचित्र होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. भोकरदनचा मुलूख निजामाकडेच, लोकांच्या भाषेत ‘मोगलाईत’, राहिला. धावडा मोगलाईत आणि काही कोसांवरचे धाड वऱ्हाडात. माती एक, बोली जवळजवळ एक, पाऊसही एकच. पण हद्दीच्या एका बाजूला जमीन-मोजणी, रस्ते आणि पुढे आगगाडी आली, तर दुसऱ्या बाजूला यांपैकी बरेच काही यायला आणखी पिढी गेली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जालन्यास रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग झाला तेव्हा. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत, पेढ्या यांनी जालना गजबजले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे.

मग वऱ्हाडाला लाभ झाला आणि मोगलाई मागे राहिली, असा सरळ निष्कर्ष काढता येतो काय? लाभ झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. बाजारपेठा उभ्या राहिल्या, नगदी पैसा खेळू लागला, शाळा निघाल्या, शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव मुंबईच्या तारेवर कळू लागला. पण तो भाव ठरत होता लिव्हरपुलात. अमेरिकेतील युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले. मुंबईत बॅक बे कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनाढ्याचे दिवाळे वाजले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. शहराच्या दिवाळ्याची हकीकत पुस्तकांत आली. गावांत ती तेजी कर्जाच्या रूपाने मागे राहिली. चढत्या भावाच्या भरवशावर सावकारांनी हात सैल सोडला होता. भाव उतरल्यावर त्यांनी तो आखडता घेतला, सारा मात्र वाढलेलाच राहिला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये सुपे येथून पेटलेले सावकारविरोधी दंगे आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा ही त्याच साखळीची पुढची कडी. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने या संदर्भात ध्यानात ठेवावे. तो ग्रंथ केवळ दारिद्र्याविषयी नाही. जेथे पैसा येऊन गेला तेथील दारिद्र्याविषयी आहे.

खरी कसोटी लागली ती १८९९-१९०० च्या दुष्काळात. वऱ्हाडात कापसाने ज्वारीची पुष्कळ जमीन व्यापली होती, आणि धान्य साठवण्याच्या पेवांची जागा रोख पैशाने घेतली होती. रेल्वेने धान्य आणता येत होते, हे खरे. त्यामुळे काही जीव वाचले, हेही खरे. पण ते विकत घेण्याइतका पैसा मजुराच्या गाठीला नव्हता. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. देशातील उत्तम कापसाच्या मुलखांत गणल्या जाणाऱ्या, रेल्वे असलेल्या प्रदेशाची ही गत. दुष्काळाने मोगलाईलाही सोडले नाही. तेव्हा वाढ नको होती, असे यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की पावसाच्या लहरीतून सुटलेला शेतकरी बाजाराच्या लहरीत सापडला होता, आणि पाऊस हटला त्या वर्षी दोन्ही लहरी एकदम त्याच्या अंगावर आल्या.

३

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा बाबींत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे याचे मोजमाप मांडले, आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या राजकारणात कायमचा रुजला. जालना जिल्हा त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १ मे १९८१ रोजी, निर्माण झाला होता.

सरकारी मोजमापात मागे असलेल्या याच जालन्यात एक वेगळी वाढ आधीच सुरू झाली होती. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरू झालेला त्यांचा उद्योग संकरित ज्वारी, बाजरी, कापूस असा विस्तारला; १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याभोवती आणखी कंपन्या आल्या, आणि परिसरातील शेतकरी ‘बीजोत्पादनाचे प्लॉट’ घेऊ लागले. शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या फुलांचे हाताने परागीकरण करणे हे येथील हजारो घरांचे कौशल्य झाले. प्राचीन भोगवर्धनातील मणिकारांशी याचे नाते जोडावेसे वाटते. येथेही बाहेर जाणाऱ्या मालात स्थानिक हाताची भर आहे. बारवाले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गणपती नेत्रालयासारखी संस्था दाखवून देते की उद्योगातून आलेले धन काही अंशी गावातच मुरू शकते.

याच कंपनीच्या मोन्सॅन्टोबरोबरच्या भागीदारीतून आलेल्या बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. पुढील दशकातील वाढ थक्क करणारी होती. देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मधील सुमारे १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ४०० लाख गाठींच्या जवळ गेले. त्यात सिंचनाचा आणि खतांचाही वाटा होता. पण बोंडअळीच्या भयातून काही वर्षे सुटका झाली, फवारण्या कमी झाल्या, हे शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. वाटपाचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. २००६ मध्ये सरकारी हस्तक्षेपानंतर ती किंमत साडेसातशेवर आली. संकरित वाण असल्यामुळे घरचे बी धरण्याची सोय संपली. आणि मग भंगाचा अध्याय आला : गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती कमावली. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर कापूस पोखरला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. २०१३-१४ ची उत्पादनाची पातळी देशाला त्यानंतर पुन्हा गाठता आलेली नाही.

जालन्याच्या वाढीचा दुसरा खांब पोलादाचा. भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांमुळे हे नाव देशभर पोचले. भट्टीपुढे उभे राहणारे बरेच हात मात्र मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेले, तर याच जिल्ह्याच्या काही भागांतील माणसे ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. घराकडे चालत निघालेले ते लोक थकून रुळांवरच झोपले होते. ज्या रेल्वेमार्गाने जालन्याला ‘सोन्याचा पाळणा’ केले, तोच हा मार्ग. वाढीच्या पंगतीत वाढप्याचे काम करणाऱ्याला पान मांडले जाते की नाही, हा प्रश्न त्या रुळांवर जितका उघडा पडला तितका कोणत्याही अहवालात पडलेला नाही.

४

पुन्हा धावड्याच्या पट्ट्याकडे येऊ. गेल्या काही दशकांत येथे हिरव्या मिरचीने जम बसवला आहे. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार सर्वदूर परिचित आहे. तेथून माल परराज्यांत जातो. ठिबक सिंचन, गादीवाफे, मल्चिंग पेपर यांमुळे लहान रानातही नगदी उत्पन्न निघते. तोडणीच्या हंगामात गावातल्या स्त्रियांना घराजवळ मजुरी मिळते. हा लाभ लहान नाही. मुलांचे शहरातले शिक्षण, पक्के घर, दवाखान्याचा खर्च यांमागे अनेकदा मिरचीचाच पैसा असतो. पण उन्हाळ्यात लावलेली मिरची जगवायची तर विहिरीत पाणी हवे. चुरडा-मुरडा आला तर औषधांचा खर्च वाढत जातो. आणि सर्वांचा माल एकदम बाजारात आला की भाव तोडणीच्या मजुरीखाली उतरतो. भाव ठरवणारी जागा लिव्हरपुलाहून जवळ आली आहे, इतकाच फरक.

पाणी हाच या वाढीचा खरा मुद्दल आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दहा-पंधरा वर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली, आणि खुद्द जालना शहर टँकरवर आले. त्याच जिल्ह्यात कडवंचीसारखे गाव मात्र तगून राहिले. तेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, बांधबंदिस्ती आणि मृद्‌संधारणाची कामे झाली. द्राक्षबागा आल्या त्या त्यानंतर. आधी पाणी मुरले, मग पैसा आला, हा क्रम महत्त्वाचा आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने शेततळी सर्वत्र नेली. परंतु जेथे प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पावसाऐवजी विहिरीचे पाणी उपसून भरले जाते, तेथे सर्वांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या बांधात बंद होते आणि उन्हात उडून जाते. साधन तेच, एकीकडे ते साठा वाढवते, दुसरीकडे तो फोडते.

हे ताण आकडेवारीत उशिरा दिसतात. मराठी साहित्याने ते बरेच आधी टिपले. अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्यात राहून ना. धों. महानोरांनी ‘रानातल्या कविता’ लिहिल्या, आणि शेतीच्या पाण्याचा प्रश्नही आयुष्यभर धरून ठेवला. बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातला शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा वाढीने निर्माण केलेल्या अपेक्षा आणि तिने न दिलेली नोकरी यांच्यामध्ये अडकलेला आहे. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत टोमॅटोचा भाव कोसळतो तेव्हा तुडवला जातो तो केवळ माल नसतो. या कृती वर्गात शिकवताना ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव’ या ठरलेल्या मथळ्याखाली आपण त्या संपवतो. त्यांना आर्थिक इतिहासाची कागदपत्रे म्हणून वाचले, तर तेजीचा उत्तरार्ध त्यांत नोंदलेला आढळेल. भाव चढतानाची नोंद बाजार समितीत असते. उतरल्यानंतर घरात काय झाले, याची नोंद बहुधा कथा-कादंबरीतच सापडते.

आता या प्रदेशापुढे आणखी एक वेगवान पर्व उभे आहे. समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेला आहे. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. भोगवर्धनाचा व्यापारी मार्ग जो डोंगर ओलांडून उत्तरेस जाई, तोच डोंगर ही गाडीही ओलांडणार आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी खामगावला मिळालेल्या संधीची वाट या मुलखाने फार काळ पाहिली आहे. पण खामगावचा इतिहासही तिच्यासोबत वाचला पाहिजे. रुळांवरून माल जाईल. त्या मालावर प्रक्रिया येथे होईल की तो कच्चाच जाईल? मिरचीसाठी शीतगृहे आणि भुकटीचे कारखाने डोंगराच्या अलीकडे उभे राहतील काय? रस्त्यालगतच्या जमिनी विकून आलेला पैसा विहिरी आणि शाळांत मुरेल, की गाड्यांच्या हप्त्यांत जाईल? हे प्रश्न गाडी येण्याआधी विचारायचे असतात. ती आल्यावर उत्तरे आपोआप ठरून गेलेली असतात.

या मार्गावर जेथे जेथे कामाला प्रारंभ होईल, तेथे रिवाजाप्रमाणे नारळ वाढवला जाईल. त्या शब्दाचा दुसरा अर्थही आपली रीत विसरत नाही : फोडलेल्या नारळाचे खोबरे जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवल्याशिवाय तेथून कोणी उठत नाही.